लोकांच्या नावाने

दिवाळीच्या फराळाशेजारी अंक उघडून बसलेल्या वाचकाला आरंभीच एका अपराधाची कबुली ऐकवणे थोडे अप्रशस्त आहे, हे मला कळते. परंतु अपराध लहानसा आहे, आणि तो माझ्या एकट्याच्याच हातून घडला असेल असे मला वाटत नाही. आजच्या चित्रकलेविषयी चार शब्द लिहा, असा संपादकांचा आग्रह झाला तेव्हा पहिल्यांदा तोच आठवला. कलेची पदवी माझ्यापाशी नाही. मॅट्रिक झालो, मास्तरकी पत्करली आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. तेव्हा जे सांगायचे ते एका मास्तराच्या अनुभवाच्या आधारानेच सांगावे हे बरे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत ‘आपला जिल्हा, आपली माणसे’ असे एक प्रदर्शन भरवले होते. मुलांनी उत्साहाने चित्रे, कात्रणे, छायाचित्रे गोळा केली. चीनमध्ये जाऊन रुग्णांची सेवा करता करता देह ठेवणारे आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आले. १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे चार हुतात्मे आले. मंगळवेढ्याचे दामाजीपंत आणि चोखोबा आले. आणि सातवीतल्या एका मुलाने कुठल्याशा जुन्या मासिकातले एक पान आणले. त्यावर उधळलेले घोडे होते. खाली त्याने आपल्या वळणदार अक्षरांत लिहिले होते : ‘मकबूल फिदा हुसेन, चित्रकार. जन्म : पंढरपूर.’

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी संस्थेचे एक ज्येष्ठ सभासद पाहणीसाठी आले. गृहस्थ सज्जन, शाळेसाठी पदरमोड करणारे. त्या पानापुढे ते क्षणभर थांबले आणि हलक्या आवाजात मला म्हणाले, “गुरुजी, मला स्वतःला काही वाटत नाही हो. पण लोक काय म्हणतील? उगाच विषय कशाला वाढवायचा?”

ते गेल्यावर मी चार टाचण्या काढल्या आणि पान उतरवले. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने रिकाम्या जागेकडे पाहून विचारले, “सर, माझं काही चुकलं का?” मी म्हणालो, “नाही रे, जागा कमी पडत होती.” जागा मुळीच कमी पडत नव्हती.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. ज्या लोकांच्या भीतीने मी ते चित्र उतरवले, ते लोक कोणते? प्रदर्शन उघडलेच नव्हते. चित्र कोणी पाहिले नव्हते, म्हणून कोणाला राग येण्याचाही प्रश्न नव्हता. लोक काही म्हणण्यापूर्वीच आम्ही दोघांनी त्यांच्या वतीने निकाल देऊन टाकला होता. वर्तमानपत्रांतून हल्ली ‘लोकानुनय’ हा शब्द वारंवार वाचायला मिळतो. मला त्याची ओळख शाळेच्या व्हरांड्यात झाली.

शब्दांचा थोडा निवाडा आधी करून घेतला पाहिजे, कारण मराठीत ‘लोक’ या शब्दाशी जोडलेले तीन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. लोकरंजन, लोकप्रियता आणि लोकानुनय. लोकरंजन हा कलेचा जुना आणि प्रतिष्ठित धर्म आहे. शाहिराने डफावर थाप मारली, कीर्तनकाराने पूर्वरंग संपवून आख्यान लावले, की समोरचा माणूस रमला पाहिजे, यात गैर काहीच नाही. लोकप्रियता हे कलावंताच्या वाट्याला येणारे फळ आहे, कधी येते, कधी येत नाही. लोकानुनय मात्र या दोहोंहून निराळा. लोकांच्या मनात काय आहे हे मला आधीच ठाऊक आहे, असे म्हणणाऱ्या माणसाचा तो उद्योग आहे. रंजन करणाऱ्याला समोरच्या माणसाची प्रतिक्रिया पाहावी लागते, फसलो तर सुधारावे लागते. अनुनय करणाऱ्याला प्रत्यक्ष माणसाची गरजच नसते. त्याला माणसांचे नाव पुरते.

हा भेद ध्यानात आणून देण्यासाठी मी वाचकांना त्यांच्याच हातातल्या वस्तूकडे पाहायला सांगतो. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून मराठी मध्यमवर्गाच्या घरात दरवर्षी साहित्याबरोबर चित्रही येऊ लागले. पुढे दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला. दलालांची मुखपृष्ठे आमच्या आजोबांच्या पिढीने कापून, चौकटीत बसवून भिंतींवर लावली. त्यांच्या रेषेत अजिंठ्याचे वळण होते, तशीच पश्चिमेकडच्या नव्या चित्रकारांची सपाट रंगांची, मोजक्या आकारांची जाणही होती. ज्या घरांत आधुनिक चित्रकलेचे नाव कोणी ऐकले नव्हते, त्या घरांत दलालांच्या हातून ती चकलीच्या वासाबरोबर शिरली आणि कोणी दार लावून घेतले नाही. दलाल लोकप्रिय होते, पण त्यांना लोकानुनयी म्हणता येणार नाही. वाचकाला आवडेल ते देता देता, त्याला अजून आवडू लागलेले नाही असेही थोडे ते देत राहिले.

आणखी मागे जाऊ. आज आपल्या देवघरातली सरस्वती जशी दिसते, लक्ष्मी कमळावर जशी उभी राहते, ते रूप अनादि कालापासून चालत आले आहे, अशी आपली भाबडी समजूत असते. वस्तुतः त्या रूपाच्या घडणीत सर्वांत मोठा हात राजा रविवर्म्यांचा. १८९४ साली त्यांनी मुंबईत गिरगावात शिळाछापाचा कारखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या रंगीत चित्रांनी देशातल्या भिंती भरून टाकल्या. तैलरंगाची विलायती पद्धत, छायाप्रकाशाचा विलायती खेळ आणि साडी नेसलेल्या देवता हा त्या काळी अगदी नवा प्रकार होता. रविवर्मा हे त्यांच्या काळाचे समकालीन चित्रकारच होते. लोकांनी त्यांची नवलाई स्वीकारली, आणि तीन पिढ्यांत ती इतकी अंगवळणी पडली की तीच परंपरा ठरली. म्हणून कोणी ‘लोकांची परंपरा’ असे म्हणून नव्या चित्रापुढे काठी आडवी घालू लागला, की मला रविवर्म्यांची आठवण होते. लोकांची अभिरुची वाढते, बदलते, नवे रिचवते. ती एका जागी खिळलेली आहे असे मानण्यात कोणाची तरी सोय असते.

आता त्या उतरवलेल्या पानाकडे येतो.

हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपूरचा. आई अगदी तान्हेपणी गेली. बालपण इंदूरकडे गेले. तरुणपणी मुंबईत येऊन पोटासाठी त्यांनी सिनेमाचे फलक रंगवले, चौरस फुटाला काही आणे या दराने. परातीवर उभे राहून नायिकेचा दहा फुटी चेहरा रंगवणारा हा माणूस १९४७ साली सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्या प्रोग्रेसिव्ह मंडळीत सामील झाला आणि भारतीय आधुनिक चित्रकलेचा प्रमुख मानकरी ठरला. रस्त्यावरच्या माणसाची नजर दुरून कशी पकडावी, हे ते कलाशाळेत शिकले नव्हते. ते त्यांना फलकांनी शिकवले होते. त्यांच्या जाड, वेगवान रेषेत तो फलक शेवटपर्यंत दिसतो.

त्यांच्या आयुष्यातली एक हकीकत मला फार मोलाची वाटते. ती त्यांनी स्वतःच मुलाखतींतून सांगितली आहे. साठीच्या दशकात डॉ. राममनोहर लोहिया त्यांना म्हणाले, की टाटा-बिर्लांच्या दिवाणखान्यांतून बाहेर या आणि रामायण रंगवा. ती या देशाची कथा आहे. हैदराबादला बद्रीविशाल पित्ती यांच्या आश्रयाने हुसेन यांनी रामायणाची चित्रे काढली आणि ती बैलगाड्यांतून आसपासच्या खेड्यांत नेली. चित्रे नव्या धाटणीची होती. तरी खेडुतांपैकी कोणी, डोळा कुठे आहे, हा राम कसा, असे विचारले नाही, असे हुसेन सांगत. ही गोष्ट त्यांच्या तोंडची आहे, म्हणून तिच्यात थोडी आत्मप्रीती मिसळली असेल असे धरले, तरी तिच्यातला मुद्दा उरतोच. ज्यांना रामायण मुखोद्गत होते, त्यांना रामाच्या नव्या रूपाची धास्ती वाटली नाही.

याच हुसेन यांनी १९७५ साली, आणीबाणी पुकारली गेल्यावर, इंदिरा गांधींना दुर्गेच्या रूपात रंगवले. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनी ही गोष्ट झाकून ठेवू नये. देशातले पुढारी तुरुंगात असताना सत्ताधीशाला देवत्व देणारे चित्र काढणे हा अनुनयच होता, आणि तोही ‘जनतेच्या माते’च्या नावाने केलेला. मोठा कलावंत या मोहापासून सुरक्षित असतो असे समजण्याचे कारण नाही. गर्दी, प्रसिद्धी आणि सत्ता यांचे हुसेन यांना जन्मभर आकर्षण होते. अनवाणी चालणे, हातातला लांबलचक कुंचला, लोकांसमक्ष चित्र काढणे, यांत प्रामाणिकपणा किती आणि जाहिरात किती, हे सांगणे कठीण आहे.

परंतु पुढे त्यांच्या वाट्याला जे आले, त्याचे माप या दोषांशी जुळत नाही. सरस्वतीचे जे रेखाचित्र त्यांनी सत्तरीच्या दशकात काढले, ते जवळजवळ वीस वर्षे कोणालाही बोचले नाही. १९९६ साली एका हिंदी मासिकात त्यावर जळजळीत लेख आला आणि वणवा पेटला. त्याच वर्षी अहमदाबादच्या कलादालनात घुसून त्यांच्या कलाकृती नष्ट करण्यात आल्या. १९९८ साली मुंबईत त्यांच्या घरावर हल्ला झाला. २००४ साली त्यांच्या ‘मीनाक्षी’ या चित्रपटातल्या एका गीतावर मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतला आणि तो चित्रपटगृहांतून काढून घेण्यात आला. एकाच माणसावर दोन्ही बाजूंनी, दोन्ही वेळा ‘लोकांच्या भावना’ या एकाच शब्दप्रयोगाने चाल व्हावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. २००६ साली ते देश सोडून गेले. मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे खटले रद्द केले, पण ते परतले नाहीत. २०१० साली त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचा अंत झाला. चंद्रभागेकाठी जन्मलेल्या माणसाला परक्या मातीत विसावावे लागले.

त्या चित्राने कोणाचे मन खरोखर दुखावले असेल, तर त्या दुःखाची थट्टा मी करणार नाही. देवतेचे नग्न रूप पाहून एखाद्या आजीने डोळे मिटून घेतले, तर तिचा तो अधिकार आहे. चित्र मला आवडले नाही, ते काढायला नको होते, असे म्हणण्याचाही प्रत्येकाला अधिकार आहे. मी स्वतः ते चित्र हुसेन यांच्या उत्तम चित्रांत धरणार नाही. माझा आक्षेप निराळा आहे. त्या आजीला कोणी विचारले नव्हते. तिचे नाव घेऊन दुसऱ्यांनी काचा फोडल्या. ती वीस वर्षे देवापुढे वात लावत होती आणि त्या रेखाचित्राचा तिला पत्ताही नव्हता. जमाव लोकांच्या नावाने बोलतो, पण जमावात एकेकटा माणूस कधी बोलत नाही, आणि चित्र तर माणसाने एकेकट्यानेच पाहायची वस्तू आहे.

हा रोग आपल्याच देशाचा नव्हे. १९३७ साली म्युनिकमध्ये हिटलरच्या राजवटीने नव्या चित्रकारांची साडेसहाशेच्या आसपास चित्रे वस्तुसंग्रहालयांतून उचलली आणि ‘अधःपतित कला’ या नावाने त्यांचे प्रदर्शन मांडले. चित्रे दाटीवाटीने, वेडीवाकडी टांगली, भिंतींवर टवाळीची वाक्ये लिहिली, आणि लोकांना म्हटले, या, तुमच्या पैशाने काय विकत घेतले गेले ते पाहा. वीस लाखांहून अधिक माणसे आली. जवळच सरकारमान्य कलेचे भव्य प्रदर्शन मांडले होते, तिकडे त्या मानाने गर्दी फारच कमी. हसायला आलेल्यांतले किती जण त्या चित्रांसमोर गप्प उभे राहिले असतील, याची नोंद कोणी ठेवली नाही. परंतु टवाळीची वाक्ये लिहावी लागली, हेच बोलके आहे. लोक आपणहून हसतील याची खात्री असती, तर भिंतीवर लिहिण्याचे श्रम कोण कशाला घेता?

एवढे वाचून एखादा नवा चित्रकार सुखावला असेल, तर त्याच्याशीही थोडे भांडले पाहिजे. लोकानुनयाला खतपाणी घालण्याचे निम्मे काम आमच्या कलाक्षेत्राने केले आहे. मुंबईच्या एखाद्या कलादालनात सोलापूरचा माणूस शिरला, तर त्याला काय दिसते? पांढऱ्या भिंती, थंडगार हवा, आणि चित्राखाली ‘शीर्षकरहित’ अशी एक चिठ्ठी. काही विचारावे तर टेबलामागचा माणूस मान वर करीत नाही. परिचयपत्रक घ्यावे तर त्यातली भाषा चित्राहून दुर्बोध. मराठीत नव्या चित्रकलेवर लिहिणाऱ्यांनीही अशी परिभाषा घडवली, की वाचकाने पहिल्या परिच्छेदातच हात टेकावेत. प्रभाकर बरव्यांसारखा एखादाच चित्रकार, ज्याने ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात आपल्या चित्रांमागचा विचार साध्या मराठीत मांडला. बाकीच्यांनी ‘सामान्य माणसाला कळत नाही’ असा शेरा मारून सुस्कारा टाकला.

आणि इथेच मला गंमत वाटते. लोकांची खुशामत करणारा पुढारी आणि लोकांना तुच्छ लेखणारा कलावंत हे एकमेकांचे वैरी समजले जातात. पण दोघांचे गृहीत तपासून पाहा. पुढारी म्हणतो, लोकांना हे कळणार नाही, म्हणून ते काढून टाका. कलावंत म्हणतो, लोकांना हे कळणार नाही, म्हणून त्यांना दाखवू नका. दोघांच्याही मते लोकांना डोळे नाहीत.

हुसेन यांच्या एका चित्राची कथा या संदर्भात ऐकण्यासारखी आहे. १९५४ साली त्यांनी ‘ग्रामयात्रा’ नावाचे सुमारे चौदा फूट लांबीचे चित्र काढले. दळणारी बाई, बैलगाडी, शेतकरी असे भारतीय खेडे त्यात तेरा तुकड्यांत मांडले आहे. दिल्लीत आलेल्या एका परदेशी डॉक्टराने ते घेतले आणि अनेक दशके ते नॉर्वेतल्या ऑस्लोच्या एका रुग्णालयात राहिले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे एक कोटी सदतीस लाख डॉलर, म्हणजे ११८ कोटी रुपयांच्या आसपास किंमत आली. आधुनिक भारतीय चित्राला लिलावात तोवर एवढी किंमत कधीच आली नव्हती. वर्तमानपत्रांनी किंमत छापली. त्या चित्रातल्या बायकांनी काय नेसले आहे, कोणाची मान कुठे वळली आहे, हे कोणी लिहिले नाही. खेड्याचे चित्र, पण खेड्याने ते सत्तर वर्षे पाहिले नाही, आणि पाहण्याची संधी आली तेव्हा फक्त त्याचा भाव ऐकला. उद्या एखाद्या वक्त्याने सभेत विचारले, की या घोड्याबैलांना कोट्यवधी रुपये, आणि तुमच्या ज्वारीला काय, तर टाळ्या पडतील. त्या टाळ्यांचा दोष एकट्या वक्त्यावर कसा टाकायचा?

निराळा मार्ग आहे, आणि तो आपल्याच राज्यात कोणी कोणी चोखाळला आहे. ठाण्याचे सुधीर पटवर्धन व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ. लोकल गाडी, इराणी हॉटेल, चाळींमागे उगवणारे उपनगर यांतल्या माणसांना त्यांनी चित्रांत आणले. २००८-०९ च्या सुमारास त्यांनी आजच्या भारतीय चित्रकारांच्या चित्रांचे एक फिरते प्रदर्शन मुंबईबाहेर, महाराष्ट्रातल्या शहरांतून नेले. मूळ चित्रे उचलून जिल्ह्याच्या गावी न्यावीत असे एका चित्रकाराला वाटले, हे मला त्या लिलावाहून महत्त्वाचे वाटते. चित्रे घेऊन लोकांच्या दारी जाणे म्हणजे लोकांपुढे झुकणे नव्हे. बैलगाडीचीच ती पुढची फेरी.

आता लोकानुनय स्वतः कोणती कला निर्माण करतो तेही पाहू, कारण चित्रे उतरवूनच तो थांबत नाही, स्वतःची टांगतोही. सोलापुरात कुठल्याही चौकात उभे राहा आणि मान वर करा. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! कापडी फलकावर मध्यभागी पुढाऱ्याचा प्रचंड चेहरा, डोळ्यांवर गॉगल, मागे वाघ किंवा उसळता समुद्र. वरच्या ओळीत थोर पुरुष, बोराएवढे. खाली शुभेच्छुक, लग्नपत्रिकेतल्या नातेवाइकांसारखे दाटीवाटीने. आकाराने मान ठरवण्याची रीत जुनीच आहे, जुन्या लघुचित्रांतही राजा दरबाऱ्यांहून मोठा काढीत. परंतु तिथे दरबाऱ्याच्या अंगरख्यावरची बुट्टी चित्रकाराने जीव ओतून काढलेली असे. फलकावर पाहण्यासारखे काहीच ठेवलेले नसते. त्याला तुमची नजर नको असते, फक्त हजेरी हवी असते.

शिल्पांतही तेच. १९२८ साली नानासाहेब करमरकरांनी पुण्यात शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा उभा केला. तो एकसंध ओतला आहे, आणि त्या घोड्याच्या मानेचा डौल आजही थांबवून ठेवतो. लाखो लोकांचे ते दैवत, पण शिल्पकाराने त्यात हात आखडला नाही आणि घाईही केली नाही. मालवणजवळ राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला पस्तीस फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. वर्षही पुरे झाले नव्हते. दोष कोणाचा याचा निवाडा करणारे मी नव्हे. रसिक म्हणून एवढेच म्हणेन, की पुतळ्याची उंची, अनावरणाची तारीख आणि व्यासपीठावरची नावे यांचीच चर्चा ज्या समाजात होते, तिथे घोड्याची मान कशी वळली आहे हे विचारायला कोणी उरत नाही. मालवणच्या बातमीने ज्यांच्या डोळ्यांत पाणी आले, त्यांच्या नावाने पुतळा उभारला गेला होता, परंतु त्यांना तो कसा असावा हे कोणी विचारले नव्हते.

लोकांना खरोखर पाहता येते का? मी शुक्रवार पेठेत राहतो, म्हणून मला याबद्दल शंका नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा ज्या गावाच्या कानावर रोज पडतात, त्या गावाने आयुष्य मागावर काढले आहे. सोलापुरी चादरीचा नक्षा जॅकार्डच्या भोके पाडलेल्या पत्त्यांतून उमटतो. एक पत्ता चुकला तर फूल वाकडे येते, आणि ते वाकडे फूल विणकराच्या घरातल्या बाईला चार हातांवरून दिसते. दोन लाल रंगांतला फरक ती डोळे मिचकावून सांगेल. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, तेव्हा उंच काठी तोलणाऱ्या माणसाचा पाय कुठे पडतो आणि ती कुठे झुकते, हे बाराबंदी घातलेली पोरेसुद्धा बारकाईने पाहतात आणि त्यावर वर्षभर वाद घालतात. हे पाहणेच आहे. त्या यात्रेत काठीवर कोणाचाही चेहरा नसतो. चेहरे सगळे रस्त्याकडेच्या फलकांवर असतात.

अशा डोळ्यांच्या माणसांना आपण चित्रापुढे उभेच राहू देत नाही. आमच्या शाळांत चित्रकला म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा. त्यांचे वाढीव गुण दहावीला मिळतात, म्हणून पालक मुलांना बसवतात. मुले उत्तम स्मरणचित्रे काढतात. परंतु एखादे मोठे चित्र समोर ठेवून दहा मिनिटे गप्प बसावे, मग काय दिसले ते सांगावे, असा तास वेळापत्रकात नसतो. पाहायला न शिकवता आपण पोरांना मोठे करतो, आणि मग त्यांच्या वतीने परस्पर ठरवतो, की त्यांना हे सोसणार नाही.

गेल्या वर्षी शाळेच्या संमेलनाचा फलक करून घ्यायला मी एका दुकानात गेलो. संगणकापाशी तोच मुलगा बसला होता, आता मिशी फुटलेला. शेजारी स्टुलावर एक म्हातारे पेंटर बसले होते. त्यांची हयात सिनेमाचे पडदे आणि दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली, यंत्र आले आणि कुंचले माळ्यावर गेले. आता ते रंगांची जुळणी सांगायला येऊन बसतात. “गुरुजी, बघा की,” ते म्हणाले, “आता हाताला काम नाही, पण डोळा जात नाही.” मुलगा हसून म्हणाला, “सर, इथं नियम एकच. साहेबांचा चेहरा कापायचा नाही. मागं काय टाकलं ते कोणी बघत नाही.” मग पडद्यावरचा फलक थोडा बाजूला सारून त्याने मला आपले काहीतरी दाखवले. सुट्टीच्या वेळात तो जुन्या गिरणीच्या भिंतींची चित्रे काढत होता. जाड, वेगवान रेषा होती. ती कुठून आली हे मला विचारावे लागले नाही.

तेव्हा मी त्याला खरे सांगितले. त्या वेळी जागा कमी पडली नव्हती, मी भ्यालो होतो, म्हणून तुझे पान उतरवले, असे म्हणालो. तो क्षणभर गप्प राहिला. मग माऊसवर बोट ठेवून, माझ्याकडे न पाहता म्हणाला, “मला तेव्हाच कळलं होतं, सर. बाजूला दोन टाचण्या मोकळ्याच होत्या.”

सातवीतल्या पोराला जे दिसले होते, ते लोकांना दिसणार नाही असे धरून मी इतकी वर्षे शिकवत होतो. यंदा दिवाळीची सुट्टी संपली, की आमचे प्रदर्शन पुन्हा भरायचे आहे. ते पान मी त्याच्याकडून मागून आणले आहे, कडा थोड्या पिवळ्या पडल्या आहेत. ते सज्जन सभासद आले आणि पुन्हा म्हणाले, की लोक काय म्हणतील, तर मी त्यांना खुर्ची देणार आहे आणि विनंती करणार आहे, की दहा मिनिटे इथे बसा, आपण दोघे लोकांची वाट पाहू. ते येतील, पाहतील आणि काय म्हणायचे ते स्वतःच म्हणतील. कोणी नाक मुरडले तर तेही ऐकून घेऊ.

— शुक्रवार पेठ, सोलापूर